गोळीपासून चहापर्यंत

माझी सकाळची गोळी आणि माझा सकाळचा चहा यांच्यामध्ये आमच्या घरात तीन किलोमीटरचं अंतर पडतं. नेमकं सांगायचं तर चाळीस मीटर कमी. मी सुतळीचा गुंडा सोडत चालत गेले आणि ह्यांनी ती सुतळी तीन दिवस गच्चीत बसून मीटरपट्टीनं मोजली, त्यामुळे आकडा चुकला असण्याचा प्रश्नच नाही.

हे म्हणजे माझे यजमान, चंद्रशेखर बारबोले, निवृत्त वजनमापे निरीक्षक. एकतीस वर्षं यांनी बार्शीच्या आडत बाजारात दुकानदारांची वजनं तपासली. बरोबर निघालेल्या वजनाच्या बुडाशी शिशावर शिक्का मारायचा आणि कमी भरलेलं जप्त करायचं, एवढंच काम. कुणाच्या दुकानात चहासुद्धा घेतला नाही. दुकानदारांना यांचं एक वाक्य पाठ झालं होतं, "काट्यावर जे दिसत नाही, ते कुणाच्या तरी अंगातून गेलेलं असतं." ते मान डोलवायचे आणि हे वळले की तोंड वाकडं करायचे.

निवृत्त होताना यांनी बाजारातला एक जुना मोठा तराजू लिलावात घेतला. एकेका लाकडी पारड्यात धान्याचं पोतं बसेल एवढा. तो आमच्या स्वयंपाकघरात झोपाळ्याच्या कडीला टांगलेला आहे. एका पारड्यात कांदे, दुसऱ्यात बटाटे. पारडी समान राहिली पाहिजेत असा यांचा आग्रह असल्यामुळे मी कांद्याची भजी केली की दुसऱ्या दिवशी बटाट्याची करावी लागतात.

बेडरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत आमचा पॅसेज सहा पावलांचा आहे. सकाळी सहाला मी थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घेते. त्यानंतर तासभर काही खायचं-प्यायचं नाही. गोळी घशाखाली उतरली की पॅसेज लांबतो. भिंती पिस्ता रंगाच्याच, फरशी तीच, फक्त पार टोकाला स्वयंपाकघरातला दिवा ज्वारीच्या दाण्याएवढा दिसायला लागतो. मी चालायला लागते. सातला स्वयंपाकघरात पोचते आणि तेव्हा हे गॅस पेटवतात. मागं वळून पाहिलं तर पुन्हा सहाच पावलं.

यांच्यासाठी पॅसेज लांबत नाही. यांना गोळीही नाही. तरी सहा वर्षांत माझ्याआधी यांनी एकदाही चहा घेतलेला नाही. पूर्वी चहाशिवाय या माणसाचे डोळे उघडत नसत.

"तुम्ही घेऊन टाकत जा की," मी एकदा म्हटलं.

"एकट्यानं पिऊन काय करू?" हे म्हणाले, आणि पेपर उघडला.

यापेक्षा जास्त प्रेम मला कुणी बोलून दाखवलेलं नाही, आणि मला ते कमीही वाटलेलं नाही.

पॅसेज लांबतो याबद्दल माझी तक्रार नाही. गोळीच्या आधीचं वर्ष मला आठवतं. तेव्हा पॅसेज सहा पावलांचाच होता, पण तो पार करायला मला दुपार व्हायची. बार्शीच्या मे महिन्यात मी शाल पांघरून बसायचे. कंगव्यात केस, डोक्यात धुकं. मुलीनं फोनवर काही विचारलं की माझं उत्तर विहिरीतून वर यावं तसं सावकाश यायचं, तोवर तिनं फोन ठेवलेला असायचा. त्या वर्षात चौसष्ट किलोंची मी अठ्ठ्याहत्तर किलो झाले. आता तासात तीन किलोमीटर चालते. दीड रुपयाच्या त्या पांढऱ्या ठिपक्याला मी रोज सकाळी हात जोडते. हे हसतात, हसू देत.

भिंतीपलीकडे शेख भाभींचा फ्लॅट आहे. त्यांनाही हीच गोळी आहे, त्यामुळे त्यांचा पॅसेज आमच्या पॅसेजला लागूनच जातो. आम्ही एकमेकींना दिसत नाही, पण चपला ऐकू येतात.

"झाला का वो तास?" भाभी विचारतात.

"अजून वीस मिनिटं."

"काय मेला तास तरी!" त्या म्हणतात, आणि आम्ही दोघी चालत राहतो.

पहिल्या तीन महिन्यांत माझे चार किलो आपोआप उतरले. पॅसेजच्या भिंतीला चार खुंट्या आल्या आणि त्यांवर एकेक किलोच्या चार मांजरपाटाच्या पिशव्या लटकल्या. त्यांतून पाणी ठिबकायचं. मी डॉक्टरांना सांगितलं.

"ते पाणीच असतं बरंचसं, काकू," डॉक्टर नवगिरे म्हणाल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या आहेत, पण कागदावर पेन टेकवून बोलतात तेव्हा माझ्या आईसारख्या वाटतात. "गोळीनं उतरायचं तेवढं उतरलं. पुढचं ताटात आणि पायांत. आणि आठवड्यातून एकदाच वजन करायचं. रोज नाही."

मग मी ताटातलं अर्धं केलं. सकाळी भाकरी एकच, साबुदाणा बंद, शेंगदाण्याची चटणी चमच्यानं मोजून. पायांचं तर चालूच होतं. पण चौऱ्याहत्तरवर जे वजन येऊन बसलं ते हलेना.

"आपण आता बरोबरीत," हे म्हणाले. यांचं वजन लग्नापासून चौऱ्याहत्तरच आहे. खात्यात यांना त्यावरून चिडवायचे, साहेबांवरही शिक्का मारलाय म्हणून.

मी हसले नाही. गुडघे दुखत होते, जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागत होतं. एका सकाळी मी काट्यावरच उभी राहून रडले. चांगलं हमसून, काटा थरथरेपर्यंत. हे दारात उभे होते.

दुसऱ्या दिवशी काट्यानं एकाहत्तर दाखवलं.

त्या आनंदाचं काय सांगू! मी काट्यावरून उतरले आणि पुन्हा चढले. एकाहत्तर. गोळी घेऊन पॅसेजमध्ये शिरले तर पाचवी खुंटी आली होती आणि तिच्यावर चांगली तीन किलोंची भरलेली पिशवी होती. मी तिला जाताजाता हातानं थोपटलं.

आठवड्यातून एकदा या नियमाचं मग काय व्हायचं तेच झालं. मी रोज वजन करायला लागले. रोज एकाहत्तर. रोज पॅसेजमध्ये एक नवी खुंटी, तीन किलोंची नवी पिशवी. खुंटीला भिंत हवी म्हणून पॅसेजही रोज पन्नास मीटरनं वाढायला लागला. मी चालण्याचा वेग वाढवला. छातीत धडधडायचं, पण मला वाटायचं, हीच ती तब्येत. रोज तीन किलो उतरताहेत आणि काटा एकाहत्तरवरच कसा, एवढं साधं गणित निरीक्षकाच्या बायकोला सुचलं नाही. हवं ते उत्तर आलं की कोण ताळा करून बघतं?

त्याच दिवसांत हे पितळी वजनं खिशात घालून हिंडायला लागले.

"हे काय आता?"

"असू देत. सवय आहे हाताला."

सोफ्यावर बसले तर गादी दबायची नाही. पंख्याखाली बसायचं टाळायचे. जिन्यात मी मागून चालत असले तर यांच्या पायांचा आवाज येईना. सदरा खांद्यावरून घसरायला लागला तेव्हा मी म्हटलं, "वाळलात हो." हे म्हणाले, "निवृत्त माणूस हलकाच असतो." मी मान हलवली आणि आरशात स्वतःची कंबर बघितली. हे लिहिताना लाज वाटते, पण बघितली.

चोविसाव्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेले. रिपोर्ट हातात, चेहऱ्यावर हसू.

"चढा काट्यावर," डॉक्टर म्हणाल्या.

चौऱ्याहत्तर.

"घरी एकाहत्तर आहे," मी म्हणाले.

"घरचा काटा तपासून घ्या."

"आमच्याकडे तपासणारेच आहेत."

"मग त्यांना विचारा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी माझी नाडी धरली, रिपोर्ट पाहिला. "गोळी थोडी जास्त होतेय. धडधडतंय ना? पॅसेज किती आहे सध्या?"

"चार किलोमीटरच्या वर."

"तासात?" त्यांनी पेन टेकवलं. "वजन उतरावं म्हणून असं पळायचं नसतं, काकू. पॅसेज आपल्या बेतानं असावा. गोळी कमी करते. जुन्या किती उरल्यात?"

"एक."

"ती उद्या घ्या. परवापासून नवी. पॅसेज नवा येईल, भिंती कोऱ्या असतील. आणि चौऱ्याहत्तरला नावं ठेवू नका. चौदा किलो वाढले होते, चार गेले, पुन्हा वाढले नाहीत. पुष्कळ आहे."

घरी आले तेव्हा हे स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, मांडीवर पाच किलोचं वजन घेऊन.

डॉक्टर काय म्हणाल्या ते सगळं सांगून मी विचारलं, "काटा तुम्ही फिरवलात?"

"हो."

"किती?"

"तीन किलो. स्क्रू आहे खाली."

"एकतीस वर्षांत कधी केलं नाहीत."

"एकतीस वर्षांत कुणी काट्यावर उभं राहून तसं रडलं नव्हतं," हे म्हणाले.

मला रागवायचं होतं. जमलं नाही. मी समोर बसले आणि यांचा हात हातात घेतला, तर तो सुकलेल्या टॉवेलाइतका हलका लागला. तेव्हा कुठे मी गणित केलं. काट्यावर जे दिसत नव्हतं ते यांच्या अंगातून जात होतं. रोज तीन किलो, चोवीस दिवस. बहात्तर. चौऱ्याहत्तरातून बहात्तर गेले.

"दोन किलो उरलात तुम्ही," मी म्हणाले.

"दोन किलो शंभर ग्रॅम. आताच मोजलं." यांना या परिस्थितीतही शंभर ग्रॅम सोडवत नव्हते. "उद्या काट्यावर चढू नकोस, म्हणजे एवढा तरी राहीन. काही वाईट नाही. जेवण कमी लागेल."

"गप्प बसा. पिशव्या पॅसेजमध्ये आहेत."

"पॅसेज उद्या शेवटचा."

"मग उद्या आणते," मी म्हणाले. त्या रात्री पदराचं टोक यांच्या मनगटाला बांधून मी झोपले.

सकाळी काटा पलंगाखाली ढकलला. सुतळीचा गुंडा काखेत घेतला. बाटली उपडी केली, शेवटची गोळी तळहातावर आली. हात जोडले, गिळली, पाणी प्याले. पॅसेज लांबला. या वेळी टोकाचा दिवासुद्धा दिसेना.

माझ्या चार पिशव्या आधी लागल्या, सुकून कडक झालेल्या. त्या राहू दिल्या. पुढं यांच्या. प्रत्येकीच्या गाठीवर शिसं ओतलेलं, त्यावर यांचा शिक्का आणि तारीख. खोट्या काट्यानं घेतलेल्या मालावरसुद्धा यांनी, बहुतेक झोपेतच, नेमानं खरा शिक्का मारला होता! मी एक पिशवी नाकाशी धरली. यांच्या मानेजवळ येतो तो वास आला, साबणाचा आणि चिंचेनं घासलेल्या पितळेचा. चोवीस दिवस मी हा वास थोपटत पुढं जात होते आणि मला वाटत होतं ते माझंच उतरलेलं आहे.

एकेक पिशवी काढून सुतळीला बांधत, ओढत मी निघाले. पाच पिशव्यांपर्यंत काही वाटलं नाही. दहाव्या पिशवीला पाय जड झाले. पंधराव्या पिशवीला ते जुनं वर्ष परत आल्यासारखं झालं, तीच थंडी, तेच धुकं, एक पाऊल टाकायचं म्हटलं की आधी अर्ज करावा लागावा तसं. पण मी चौदा किलो वर्षभर अंगावर वाहून नेलेली बाई आहे. माझ्या या देहाला मी आरशासमोर काय काय बोलले होते. त्यानं एक दिवस मला खाली ठेवलं नव्हतं. आताही ठेवलं नाही.

"झाला का वो तास?" पलीकडून भाभींचा आवाज आला.

"तुमच्याकडं किती वाजले?"

"बारा मिनटं हायती. काय ओढताय इतकं?"

"ह्यांना."

"ओढा, ओढा," त्या म्हणाल्या. "मी हितनं वेळ सांगते."

दहा मिनटं, भाभी म्हणाल्या. मग आठ. त्यांच्या चपला माझ्याबरोबर सावकाश चालत होत्या. त्या कधीच पोचल्या असत्या, पण माझ्यासाठी रेंगाळल्या, हे मला कळत होतं. सहा म्हणाल्या तेव्हा ज्वारीचा दाणा दिसला. पाचला दार दिसलं. चोविसावी पिशवी उंबऱ्याच्या आत ओढून घेतली तेव्हा चार मिनिटं बाकी होती.

स्वयंपाकघरात कांदे-बटाटे फरशीवर काढून ठेवलेले होते. तराजूची पारडी रिकामी, पुसलेली. गॅसवर चहाचं पातेलं चढवलेलं होतं, दूध-पाणी-साखर सगळं घालून. हे ओट्याची कड धरून उभे होते. खिशातली वजनं यांनी काढून टाकली होती, म्हणून पाय फरशीवर नीट टेकत नव्हते.

"आधीच चहा?" मी विचारलं.

"आच मोजून लावलीय. बरोबर सातला वर येईल," हे म्हणाले. "लवकर. खोट्या काट्यानं गेलेलं खऱ्या काट्यावरच परत येतं."

मी यांना उचलून एका पारड्यात बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा. भोवती चोवीस पिशव्या रचल्या. पारडं धप्पकन फरशीला लागलं.

"आता दुसऱ्या पारड्यात चौऱ्याहत्तर किलो ठेव," हे म्हणाले.

"वजनं पुरणार नाहीत. घरात सगळी मिळून वीस किलो असतील."

"तू बस."

"मी?"

"चौऱ्याहत्तरचं खात्रीचं वजन या घरात दुसरं आहे कुठं?" पिशव्यांमधून यांचा चेहरा तेवढा दिसत होता. "कालच डॉक्टरांनी तपासून दिलंय."

ज्या आकड्याला मी काट्यावर उभी राहून रडले होते, तो आकडा घेऊन मी पारड्यात बसले. एक किलो कमी असता तरी हा माणूस मला पुरता परत मिळाला नसता. मला इतकं भरून आलं की कुणाचे आभार मानायचे ते कळेना, म्हणून मी माझ्या मांड्यांवरच हात ठेवला.

साखळ्या करकरल्या. यांचं पारडं वर आलं, माझं खाली गेलं, मग माझं वर, यांचं खाली, आणि दोन्ही फरशीपासून वीतभर उंचीवर येऊन थांबली. मधला काटा सरळ उभा राहिला.

पहिली पिशवी आपोआप सैल झाली आणि रिकामी पडली. यांच्या मनगटांना आकार आला. दुसरी सैल झाली. तिसरी. सदरा खांद्यांवर भरायला लागला.

"हलू नकोस," हे म्हणाले. "काटा ढळला की थांबेल."

"नाही हलत."

"झाला वो तास!" भाभी भिंतीपलीकडून ओरडल्या. "पोचलात का?"

आम्ही दोघांनीही काट्यावरची नजर हलवली नाही. बाराव्या पिशवीवरचं शिसं टपकन फरशीवर पडलं. गॅसचं बटण माझ्या हातापासून चार हात लांब होतं, यांच्या हातापासूनही चार हात. पातेल्यात चहा फसफसून वर चढायला लागला होता. आम्ही समोरासमोर बसून, पाय अधांतरी, त्याच्याकडे बघत होतो, आणि तो कडेला आला.